राखीच्या नावापुढचा लाल चौकोन

कोंढ्याच्या बसस्टँडवर उतरलं की चहाच्या टपरीला लागून एक निळं शटर दिसतं. ते हर्षाचं सेंटर. रक्त तपासायला द्यायचं असलं की आजूबाजूच्या गावची माणसं पवनीला जायच्या आधी तिच्याकडे येतात. तिथं मोठ्या मशिनी नाहीत. साखर, हिमोग्लोबिन एवढं ती स्वतः पाहते. बाकीचं रक्त नळीत भरायचं, नळीवर नंबर चिकटवायचा, नंबर-नावांची यादी सोबत लावायची, बर्फाच्या डब्यातून नागपूरच्या लॅबला पाठवायचं, की दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो. पण बाईचा हात असा हलका, की रडायला बसलेलं लेकरू सुई निघाल्यावर विचारतं, "कवा टोचते?" म्हाताऱ्या बाया तर दुसऱ्या कोणाला दंड दाखवायला तयार नसतात. "हर्षाच टोचन बापा, नाही तं मी चालली घरी."

मूळची ती आंबागडची. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, थोडी धानाची बांधी, आणि वडील मधुकरराव हंगामात जंगलाच्या कामावर. आई गेली तेव्हा धाकटी राखी नीट चालतही नव्हती. तिची वेणी हर्षानं घातली, तिला शाळेत हर्षानं नेलं, ताप आला तर रात्रभर हर्षा उशाशी बसली. शेजारच्या बाया म्हणत, या पोरीनं लग्नाआधीच एक लेकरू वाढवलं. खोटं नव्हतं ते.

भंडाऱ्याला लॅबचा कोर्स करून हर्षा एका डॉक्टरकडे नोकरीला लागली, आणि मग कोंढ्याच्या कैलाशचं स्थळ आलं. बैठकीत सगळं जमत आलं होतं. पाहुण्यांच्या हातात चहा होता, तेवढ्यात आतल्या दारातून नवरी मुलगीच बोलली, "राखी माह्यासोबत राहीन. मंजूर असन तं बोला." मधुकररावांना तोंड कुठे लपवू असं झालं. कैलाश मात्र हसला आणि म्हणाला, "एक ताट जास्त वाढू, त्यात का एवढं?" त्या एका बोलण्यावर हर्षानं त्या माणसाला जन्मभरासाठी आपलं मानलं. पुढे दीड-दोन वर्षांत मधुकररावही गेले. आंबागडच्या घराला कुलूप लागलं, आणि राखीचं माहेर म्हणजे तिची ताई, एवढंच काय ते उरलं.

आता सेंटरच्या शीटबद्दल. हर्षानं सेंटर उघडलं तेव्हा कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये स्वतःच्या डोक्यानं सगळा कारभार उभा केला. कोणी शिकवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ पाहायची, चुकायची, पुन्हा करायची. नंबर टाकला की पेशंटचं नाव आपोआप येई, बटण दाबलं की छापील चिठ्ठी निघे, आणि रिपोर्टमध्ये काही वावगं असलं की तो चौकोन आपल्या आपण लाल होई. तो लाल रंग जमला त्या दिवशी तिनं कैलाशला शेतातून बोलावून घेतलं होतं. तो चिखलाच्या पायानं येऊन उभा राहिला, पाहिलं, आणि म्हणाला, "हे तं जादूच झाली बापा!" गावात बोलबाला झाला की हर्षानं सॉफ्टवेअर बनवलं. ती वरवर म्हणायची, "कायचं सॉफ्टवेअर जी, साधी शीट आहे." पण चेहरा सांगायचा की आणखी एकदा म्हणा.

नागपूरचा एक माणूस लॅबचं खरं सॉफ्टवेअर विकायला आला होता. तासभर त्यानं समजावलं. हर्षानं त्याला चहा पाजला, आपली शीट उघडून दाखवली आणि विचारलं, "यात जे नाही होत ते तुमच्यात का होते, सांगा." त्या बिचाऱ्यानं काहीतरी सांगितलंही, की तुमच्या शीटमध्ये कोणीही काहीही हलवू शकतो, माणूस आणि त्याचा रिपोर्ट एकमेकांना बांधलेले नाहीत, फक्त एका ओळीत शेजारी बसलेत. हर्षा म्हणाली, "हलवणार कोण? मीच तं बसतो इथं." कैलाशनं रात्री जेवताना म्हटलं, घेऊन टाक ना. तिला ते लागलं. नवऱ्यानं स्वयंपाकाला नाव ठेवलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

राखी तोवर पवनीच्या कॉलेजात जाऊ लागली होती आणि दुपारी सेंटरवर बसून नळ्यांना नंबर चिकटवायची. संध्याकाळी डबा न्यायला कारध्याचा चंद्रकुमार यायचा. मोटारसायकलवर मागे बर्फाचा डबा बांधलेला, सगळ्या तालुक्याच्या सेंटरांवरून नळ्या गोळा करून तो भंडाऱ्याला पोचवायचा आणि तिथून त्या नागपूरला जायच्या. पोरगा मोजकं बोलणारा. पण कोंढ्याला आला की याला दर वेळी पाणी पाहिजे, दर वेळी डब्याचा पट्टा पुन्हा आवळायचा असे. हर्षाला दिसत होतं. दिसत होतं आणि मनातून गोड वाटत होतं. जात एक, घर चांगलं, पोरगा निर्व्यसनी. आणखी काय पाहिजे?

एक दिवस चंद्रकुमारच म्हणाला, "ताई, आईले पाठवतो बोलणी कराले. पण आधी एक सांगतो. मी सिकलसेलचा वाहक आहो. माह्याजवळ कार्ड आहे."

आपल्या भागात हा रक्ताचा पिढीजात आजार नवा नाही. वाहक म्हणजे आजारी नव्हे, माणूस धडधाकट असतो, नांगर धरतो, डबे वाहतो. पण वाहकानं वाहकाशी लग्न केलं तर लेकरू खरा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं, आणि ते दुखणं हर्षानं काउंटरवर रोज पाहिलेलं. म्हणून ती लग्न ठरवणाऱ्या प्रत्येकाला बजावायची, पत्रिका नंतर पाहा, आधी दोघांचं रक्त पाहा. चंद्रकुमारनं स्वतः होऊन सांगितलं याचंच तिला कौतुक वाटलं. राखीचं रक्त स्वच्छ निघालं की झालं. तिच्या घरात कोणालाच कधी काही नव्हतं.

गावच्या मंडळानं तेव्हाच लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचं सिकलसेल शिबिर ठेवलं होतं. काम अर्थात हर्षाकडे. घरोघरी जाऊन तिनं रक्त घेतलं, नंबर दिले. राखीचं रक्तही त्यातच घेतलं, आणि तो डबा नेताना चंद्रकुमारनं एरवीपेक्षा हळू गाडी चालवली म्हणे. नागपूरहून मेलवर रिपोर्ट आला. त्यातला निकालांचा रकाना तिनं उचलून आपल्या शीटमध्ये नंबराप्रमाणे नावांपुढे बसवला. इथवर सगळं सुतासारखं सरळ होतं.

कार्डं दुसऱ्या दिवशी स्टेजवरून वाटायची होती, बंद पाकिटात. मंडळाचा अध्यक्ष नत्थूभाऊ सेंटरवर आला.

"नावं नंबरानं नोको वाचू, बाई," तो म्हणाला. "नंबर तं तू वरच्या मोहल्ल्यापासून टाकले. मागच्या साली बक्षिसाच्या टाइमले वरच्या मोहल्ल्याची नावं पहिले आली, तं खालच्या मोहल्ल्यानं खुर्च्या उचलून मंडपाच्या बाहेर नेल्या. आठवते ना? अ-आ-इ-ई नं लाव. मंग कोणाच्या बापाले बोलता नाही येत."

एवढंच कारण. दोन मोहल्ल्यांचे रुसवेफुगवे! हर्षानं नावांचा रकाना निवडला आणि ओळीनं लावायचं बटण दाबलं. पिवळ्या त्रिकोणाची एक चौकट वर आली. इंग्रजीत विचारत होती, बाजूच्या रकान्यातही माहिती दिसते, तीही सोबत हलवू का, की एवढाच रकाना हलवू? तिनं वाचलं. न वाचता दाबलं असं नाही, हे लक्षात घ्या. वाचलं आणि विचार केला, मला नावंच तर लावायची आहेत, बाकीच्याला कशाला हात लावू देऊ? उगीच बिघडायचं. आणि तिनं सांगितलं, एवढाच. नावं सरसर ओळीनं लागली. निकाल जागच्या जागी बसून राहिले. क्षणात एकाच्या नावापुढे दुसऱ्याचं रक्त आलं, आणि शीट काही ओरडली नाही, की दिव्यासारखी विझली नाही. पहिल्यासारखीच नीटनेटकी दिसत होती.

मग तिनं राखीचं नाव शोधलं. इतका वेळ मुद्दाम पाहिलं नव्हतं. राखीच्या नावापुढचा चौकोन लाल होता.

शटर अर्धं ओढून हर्षा रडली. मग तोंड धुतलं, सगळी कार्डं छापली, पाकिटात भरली, राखीचंही भरलं. स्टेजवर नाव वाचलं गेलं तेव्हा राखी हसत गेली आणि पाकीट घेऊन आली. घरी येऊन उघडलं. वाचलं. कार्ड तसंच पाकिटात घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला बसली. हर्षा तिच्याजवळ गेली तर म्हणाली, "तू कायले रडतेस ताई? तू थोडीच केलं?"

चंद्रकुमार आला तो डबा न घेताच. "ताई, एक डाव आणखी टोचून पाहू ना. मी सोता नेतो, हातोहात."

इथं हर्षानं काय करायला पाहिजे होतं, हे तुम्हाला कळतं, मला कळतं, रस्त्यावरच्या कोणालाही कळेल. एक नळी रक्त! तिच्या हाताखालची सुई, तिच्या घरातली पोरगी. पण हर्षा ताठ झाली. "चंद्रकुमार, याच काउंटरवर मी कितीक मायबापायले सांगतलं, का रक्त दोनदा विचारल्यानं बदलत नाही. लोकं पाया पडत होते माह्या, मी ऐकलं नाही. आता माह्या बहिणीवर आलं तं मी कायदा बदलवू?" आणि तिनं शीट उघडून त्याच्यापुढे केली. राखीचं नाव, पुढे लाल चौकोन. शीट खरी की खोटी ते तिनं शीटलाच विचारलं, आणि नागपूरचा मेल, जो तिथंच एका बटणावर होता, तो उघडला नाही. त्या शीटनं आजवर दगा दिला नव्हता ना!

चंद्रकुमारनं मागे नंबर चिकटवत बसलेल्या राखीकडे पाहिलं. राखी खाली पाहून म्हणाली, "ताई म्हणते तं खरंच असन."

त्यानंतर डबा न्यायला दुसराच माणूस येऊ लागला. चंद्रकुमारनं आपला रस्ता बदलून घेतला होता.

पाकीट बंद होतं, पण गावाची तोंडं कुठे बंद असतात? राखीचं कारध्याचं मोडलं, म्हणजे रक्तात काहीतरी आहे, हे पसरायला चार दिवस लागले नाहीत. हर्षा घसा कोरडा करून सांगत राहिली की वाहकाला काही होत नाही, समोरचा स्वच्छ असला की झालं. लोक मान डोलवत आणि दुसरी पोरगी पाहायला जात. शेवटी साकोलीकडचं एक स्थळ आलं. माणूस वयानं बराच मोठा, पहिली बायको वारलेली, खताचं दुकान. स्वभावानं चांगला. त्यानं स्वतःचं रक्त तपासून आणलं, स्वच्छ होतं. राखीला विचारलं तर म्हणाली, "तुले पटते ना? मंग झालं." लग्नात सासू कौशल्याबाई येईल-जाईल त्याला सांगत होती, रक्तात खोट असूनही केली आम्ही, माणुसकी म्हणून. राखी पदर सावरून सगळ्यांच्या पाया पडत होती.

हे होऊन गेलं. दिवस आपल्या पायानं चालत राहिले. सेंटर चांगलं चालत होतं.

मग दोनेक वर्षांनी पोळ्याच्या सुमाराला एक दिवस सेंटरवर दामिनी आली. गावचीच लेक, राखीच्या बरोबरीची, त्याच शिबिरात तिचंही रक्त घेतलं होतं. सोबत सासू रुखमा, आणि दामिनीच्या मांडीवर तिचं लेकरू. त्याचे तळहात-तळपाय सुजून टरारले होते आणि ते रडून रडून थकलं होतं. नागपूरला दाखवून आल्या होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, लेकराला सिकलसेल आहे, वाहक नव्हे, पुरता आजार. मायबापाला तपासलं तर दोघंही वाहक.

"नवऱ्याचं तं आमाले माहीतच होतं, ताई," दामिनी म्हणाली. "पण माह्या कार्डावर तुम्ही साफ लिहून देल्लं होतं." आणि तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून ते कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. अगदी जपून ठेवलेलं, चुरगळलेलंसुद्धा नाही.

हर्षाला आधी वाटलं, नागपूरच्या डॉक्टरचंच चुकलं. सवयीनं तिनं शीट उघडली. दामिनीच्या नावापुढे पांढरा चौकोन, स्वच्छ. "हे पाहा," ती म्हणणार होती, तोंड उघडलंही होतं. पण ते सुजलेले इवलेसे हात समोर होते. तिनं पहिल्यांदा तो जुना मेल शोधून काढला. नागपूरच्या कागदावर नंबर होता, नाव होतं, निकाल होता. दामिनी, वाहक. तिनं पुन्हा शीट पाहिली. मग वरचं नाव पाहिलं, खालचं पाहिलं. निकाल जुळेनात. जिथं जुळत होतं तिथं दोघांचं रक्त सारखं होतं म्हणूनच. आणि तेव्हा तिला ती पिवळ्या त्रिकोणाची चौकट आठवली.

"दामिनी," ती म्हणाली, "चूक माही आहे. लॅबची नाही, डॉक्टरची नाही. माही."

रुखमा उठली. जे सुचेल ते बोलली, शिव्याशाप, सगळं. टपरीवरची माणसं शटरपाशी जमली. हर्षानं मान वर केली नाही. दामिनी मात्र ओरडली नाही. लेकराला थोपटत ती एवढंच म्हणाली, "पोटुशी असताना दवाखान्यात बाई टोचाले आली होती. मी म्हटलं, राहू द्या जी, हर्षाताईचं कार्ड आहे माह्याजवळ."

त्या वाक्यानं हर्षा जी मोडली ती पुन्हा सरळ झाली नाही.

त्याच संध्याकाळी तिनं नागपूरच्या कागदावरून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कैलाश बाजूला बसून नंबर शोधून देत होता. ज्यांना वाहक सांगितलं आणि जे नव्हते, ज्यांना स्वच्छ सांगितलं आणि जे वाहक होते, सगळ्यांना तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, या, पुन्हा टोचते, आणि मेल तुमच्या हातात देते. नत्थूभाऊ धावत आला. "कायले बोभाटा करतेस बाई? मंडळाचं नाव जाईन. ज्याले गरज असन त्याले सांग फक्त." हर्षा म्हणाली, "कोणाले गरज आहे ते मी ठरवलं म्हणून तं हे झालं, भाऊ." आणि पुढचा फोन लावला. काही जण हसले, काही चिडले, एका बापानं फोनवर थुंकल्यासारखा आवाज केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

एक नाव मात्र ती मागे ढकलत होती. कागदावर राखीच्या नावापुढे लिहिलं होतं, सामान्य. राखीचं रक्त पहिल्यापासून स्वच्छ होतं. चंद्रकुमार वाहक असला तरी काही बिघडलं नसतं. त्यांच्या लेकरांना हा आजार व्हायचा प्रश्नच नव्हता.

कैलाश म्हणाला, "तिले सांगून आता का फायदा? तिचं घर बसलं आहे. राहू दे." हर्षा दोन दिवस जेवली नाही. फायदा काही नव्हता, हे खरंच. पण उद्या राखीला दिवस गेले, तिथं कोणी रक्त तपासलं आणि स्वच्छ निघालं, तर? ते तिला परक्या माणसाच्या तोंडून कळावं? आणि सासरी रोज खोटीची म्हणून मान खाली घालून ती वावरत होती, ते तरी कोणी उतरवायचं? सकाळच्या बसनं हर्षा साकोलीला निघाली.

राखी घरी एकटीच होती. ताईला पाहून आधी आनंदली, मग तिचा चेहरा पाहून घाबरली. हर्षानं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, नत्थूभाऊपासून ते दामिनीच्या लेकरापर्यंत. काही लपवलं नाही, काही सारवलं नाही. पिशवीतून तो कागद काढून तिच्या हातात दिला.

राखीनं कागद वाचला. पलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग खाटेवर बसली.

"मंग मले काहीच नव्हतं?"

"नाही, बाळा."

"कधीच?"

"कधीच नाही."

बाहेर कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं. राखी कागदाकडे पाहत राहिली आणि हळूहळू बोलू लागली. तिला हर्षानं एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुले माहीत आहे ताई, मी रोज सकाळी उठून नवऱ्याले मनातल्या मनात हात जोडतो. का बापा, खोट असून तुम्ही मले केली. सासूबाई बोलते तं मी ऐकून घेतो, का बोलू दे, खरंच तं आहे. चंद्रकुमारची आठवण आली तं म्हणतो, रक्तातच नव्हतं ते, तं कोणावर रागवायचं? रक्तावर कोणी रागवते का? असं करून करून मी शिकली जगाले."

"राखी, मी तुह्या सासूले सांगतो, आजच सांगतो, म्हणजे कोणी—"

"नोको सांगू कोणाले."

"अवं पण तुले उगीचच्या उगीच—"

"नोको म्हटलं ना!" आणि राखी रडू लागली, तोंडावर पदर दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हर्षानं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती सरकली. लहानपणापासून तापात, परीक्षेत, बाप गेला तेव्हा, याच हातात शिरायची ती. "तू कायले सांगतलं मले? रक्ताचं होतं तवर बरं होतं. आता तू सांगून राहिली का रक्त साफ होतं. मंग मी रागवू कोणावर? तुह्यावर? मले तुह्याबिगर माहेर कुठं आहे, ताई?"

हर्षा जमिनीवर बसली आणि बहिणीच्या पायाला हात लावून हमसाहमशी रडली. "मारून टाक मले," म्हणाली. राखीनं पाय मागे घेतले. "असं नोको करू. मोठी आहेस तू."

थोड्या वेळानं राखीनं डोळे पुसले आणि विचारलं, "त्याले सांगतलं?"

"कोणाले?"

"कारध्याले."

हर्षानं नाही म्हणून मान हलवली. तो काही त्या शिबिराच्या यादीत नव्हता.

"त्याले नोको सांगजो कधी. त्याचं अजून लग्न नाही झालं म्हणते लोकं. त्याले तसंच राहू दे, का रक्तातच नव्हतं म्हणून."

दुपारी जावई दुकानातून आले. "ताई! कवा आल्या जी? आता दोन दिस राहा." राखीनं हसून सांगितलं, सहज आली होती, परत जायचं आहे. तिनं चहा केला, पोळी वाढली, निघताना हर्षाची ओटी भरली, सासरी आलेल्या कोणत्याही पाहुणीची भरावी तशी नीट. दारापर्यंत आली. बसस्टँडपर्यंत नाही आली.

ते सेंटर अजून आहे. हर्षानं लॅबचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि त्या शीटचं नाव ती काढत नाही. दामिनीच्या लेकराच्या प्रत्येक नागपूरच्या फेरीला ती सोबत जाते. रुखमा तिच्याशी बोलत नाही, पण बसमध्ये तिला जागा धरून ठेवते. गावचे लोक रक्त द्यायला येतातच. हात अजून हलकाच आहे, फक्त आता ती प्रत्येकाला नाव दोनदा विचारते, आणि लोकांना वाटतं, बाईला ऐकू कमी येऊ लागलं.

दिवाळी झाली आणि कोंढ्याची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली. मंडईला गावच्या सगळ्या सासरवाशिणी माहेरी येतात, हा आपल्याकडचा रिवाज. कितीही लांबची असो, लेक मंडई चुकवत नाही. दुकानं लागली, पाळणे लागले, रात्रीच्या दंडारीच्या खेळाची तयारी सुरू झाली. घरोघरी लेकी उतरत होत्या. हर्षानं राखीच्या आवडीचे वडे केले, नवं लुगडं आणून ठेवलं, आणि सकाळपासून प्रत्येक बसला कैलाशला स्टँडवर पाठवत राहिली. शेवटची बसही आली आणि गेली. कैलाश एकटाच परत आला.

मग हर्षानं फोन लावला. राखीनं पहिल्याच घंटीला उचलला.

"नाही जमलं ताई यंदा. घरी काम होतं. भाऊजी बरे आहेत ना? तुमची तब्येत सांभाळा." आवाज गोड होता, अगदी गोड. दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाशी बोलावा तसा. तिनं ताईला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"पुढच्या साली येशील ना?" हर्षानं विचारलं.

"पाहू," राखी म्हणाली.

फोन ठेवून हर्षा चुलीपाशी गेली. वडे झाकून ठेवले होते, ते तिनं एका ताटात काढले आणि बाहेर ओसरीवर कैलाशला नेऊन दिले. "खा," ती म्हणाली, "नाही येत राखी." कैलाशनं ताट हातात धरलं, पण त्याच्यानं घास घेववला नाही. हर्षा त्याच्या शेजारी बसून मोठ्यानं रडत राहिली. रस्त्यावरून मंडईला जाणाऱ्या लेकी-बाया थबकून पाहत होत्या, आणि तिला कोणाची लाज वाटत नव्हती.